वाचकांचे प्रश्न : एपिस्कोपल मंडळीतील उपवासकाळ

राखेच्या बुधवारापासून (अ‍ॅश वेन्सडे) पुनरुत्थानाच्या रविवारापर्यंतच्या (ईस्टर) काळाविषयी, म्हणजे लेंटविषयी, आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखक बहुतेक अमेरिकेत राहणारे मराठी वाचक आहेत आणि ते, किंवा त्यांच्या घरातील कोणी, तेथील एपिस्कोपल चर्चमध्ये जातात. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्लंडच्या चर्चपासून वेगळे झालेले हे चर्च आहे. त्याचे पहिले बिशप सॅम्युएल सीबरी यांना १७८४ साली स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे दीक्षा मिळाली. नागपूर येथे १९७० साली स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि हे चर्च एकाच अँग्लिकन परिवारातील आहेत, त्यामुळे आपल्याकडील अनेकांना तेथील उपासना अर्धी ओळखीची वाटते आणि अर्धी कोड्यात टाकते. पत्रे संक्षिप्त केली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातील. आमची मंडळी पूर्वीच्या अँग्लिकन मिशनची. आई लेंटमध्ये शुक्रवारी दिवसभर जेवत नसे आणि चाळीस दिवस घरात मटण शिजत नसे. येथे आमच्या पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक मंडळीत, काय खावे आणि काय वर्ज्य करावे, असे मी विचारले तेव्हा रेक्टरबाई, म्हणजे तेथील मुख्य पाळक, म्हणाल्या, ‘ते तुम्ही प्रार्थना करून ठरवा.’ नियमच नसेल तर तो उपवास कसला? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ताई, नियम आहे, पण तो ताटाचा नाही. एपिस्कोपल चर्च ज्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे चालते, त्याची सध्याची आवृत्ती १९७९ ची आहे. त्यात उपवासाचे म्हणून दोनच दिवस सांगितले आहेत : राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. लेंटमधील रविवार सोडून बाकीचे दिवस विशेष संयमाने आणि भक्तीने पाळायचे असतात. त्यांतूनही २५ मार्च हा मरीयेला देवदूताने निरोप दिल्याचा सण वगळला आहे. काय खावे आणि काय खाऊ नये, याविषयी मात्र पुस्तक एक अक्षर बोलत नाही. साबुदाण्याची खिचडी चालते की नाही, हा प्रश्न त्याला पडलेलाच नाही.

राखेच्या बुधवारच्या उपासनेत प्रवचनानंतर पाळक मंडळीला उद्देशून एक निमंत्रण वाचतात, ते पुन्हा एकदा सावकाश वाचून पाहा. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी हा काळ का पाळला, हे त्यात थोडक्यात सांगितले आहे. पुनरुत्थानाच्या सणाला ज्यांचा बाप्तिस्मा व्हायचा असे, त्यांच्या तयारीचा हा काळ होता. शिवाय उघड आणि गंभीर पापांमुळे जे मंडळीच्या सहभागितेतून तुटले होते, त्यांना पश्चात्तापानंतर परत आत घेण्याचाही हाच काळ होता. म्हणजे मुळात हा कोणा एकट्याच्या निग्रहाच्या परीक्षेचा काळ नव्हता. काही माणसे आत येणार होती, काही परत येणार होती आणि सगळी मंडळी त्यांच्यासोबत तयारीला लागत होती. त्यानंतर चर्चच्या नावाने आत्मपरीक्षण, पश्चात्ताप, प्रार्थना, उपवास, स्वार्थत्याग आणि देवाच्या वचनाचे वाचन व मनन, एवढ्यांसाठी बोलावणे येते. या यादीत उपवास एक आहे, एकमेव नाही. रेक्टरबाईंनी तुमचा प्रश्न टाळला असे तुम्हाला वाटले असेल, पण त्या पुस्तकाला धरूनच बोलल्या.

त्याच उपासनेत पुढे पश्चात्तापाची जी लांब प्रार्थना होते, ती आमच्या मते साऱ्या लेंटचे खरे वेळापत्रक आहे. मंडळी तेथे गुडघे टेकून आपली पापे देवापाशी कबूल करते आणि त्याच वाक्यात एकमेकांपाशीही कबूल करते. त्यात भोगलालसा आणि इतरांची पिळवणूक येते, आपल्यापेक्षा सुदैवी माणसांविषयीचा मत्सर येतो, रोजच्या कामकाजातील अप्रामाणिकपणा येतो, दुसऱ्याच्या हालअपेष्टांकडे केलेली डोळेझाक आणि अन्यायाविषयीची बेफिकिरी येते, आणि सृष्टीची नासाडी करताना पुढच्या पिढ्यांचा विचार न केल्याची कबुलीही येते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कर्ता ‘आम्ही’ आहे. चाळीस दिवस चॉकलेट सोडणाऱ्याने आपल्या त्यागाची सांगड या यादीतील एखाद्या वाक्याशी घातली नाही, तर त्याचे वजन थोडे कमी होईल, याहून अधिक काही होईल असे आम्हाला वाटत नाही.

आईचा शुक्रवार तुम्ही जरूर चालू ठेवा. मात्र त्या दिवशी वाचलेले पैसे पॅरिशच्या अन्नछत्राकडे किंवा शिधावाटपाकडे जातील, असे पाहा. बायबलमधील यशयाच्या ५८ व्या अध्यायात, जो राखेच्या बुधवारी वाचण्यासाठी नेमलेल्या पर्यायांपैकी एक आहे, देवाला आवडणारा उपवास म्हणजे आपले अन्न भुकेल्याला वाटून देणे आणि निराश्रिताला घरात घेणे, असे सांगितले आहे. हिशेबाचे म्हणाल, तर राखेच्या बुधवारापासून पवित्र शनिवारापर्यंत ४६ दिवस भरतात; त्यांतील सहा रविवार वजा केले की चाळीस उरतात, कारण प्रत्येक रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपवास नसतो. रविवारच्या मटणाबद्दल चर्चची तक्रार नाही. आईची असल्यास तो घरचा प्रश्न आहे.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. शिकागोजवळच्या रेल्वे स्टेशनवर सकाळच्या गर्दीत झगा घातलेले पाळक येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपाळावर राख लावताना पाहिले. आपल्याकडे अंगारा लावतात, तसेच हे आहे काय? मी राख लावून घेतली तर चालेल का? — एक वाचक, इलिनॉय

उत्तर : अंगारा लावताना रक्षणाची आणि कृपेची अपेक्षा असते. ही राख मरणाची आठवण देते. पाळक अंगठ्याने कपाळावर क्रूस काढतात आणि ‘तू माती आहेस आणि मातीतच परत जाशील, हे लक्षात ठेव,’ अशा अर्थाचे वाक्य म्हणतात. ते बायबलमधील उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातील आहे आणि ते तान्ह्या बाळालाही म्हटले जाते, जे ऐकताना पहिल्यांदा चर्चमध्ये आलेल्या माणसाचा जीव दडपतो. मागच्या वर्षी झावळ्यांच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या आधीच्या, रविवारी वाटलेल्या झावळ्या जपून ठेवून बहुधा त्याच जाळून ही राख करतात.

धर्मसुधारणेच्या काळात, १५४८ साली, इंग्लंडमध्ये हा विधी बंद करण्यात आला होता आणि १९७९ पूर्वीच्या अमेरिकन प्रार्थनापुस्तकांतही तो छापलेला नव्हता. आताही पुस्तकात तो ऐच्छिक आहे. रस्त्यावर राख लावण्याची प्रथा त्याहून कितीतरी नवी आहे : २००७ साली सेंट लुइस येथे आणि २०१० साली तुमच्या शिकागो परिसरातील स्टेशनांवर एपिस्कोपल पाळकांनी ती सुरू केली आणि तेथून ती देशभर पसरली. तिच्याविषयी चर्चमध्येच दोन मते आहेत. ज्यांना चर्चच्या दारात पाऊल टाकायला संकोच वाटतो, त्यांच्यापर्यंत चर्चनेच जावे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, पश्चात्तापाची प्रार्थना गाळून नुसती राख देणे म्हणजे औषधाऐवजी बाटलीवरची चिठ्ठी देण्यासारखे आहे. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, तरी पहाटेच्या गाडीने कामावर जाणाऱ्या परिचारिकेला किंवा सफाई कामगाराला आम्ही ते तत्त्व ऐकवणार नाही.

एक विसंगती तुम्हाला चर्चमध्ये गेल्यास जाणवेल. उपवास करताना तोंड धुवा, म्हणजे तो लोकांना दिसणार नाही, ही मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील येशूची शिकवण नेमकी त्याच दिवशी वाचतात आणि थोड्याच वेळाने सगळ्यांची कपाळे काळी होतात. काही जण त्यामुळे बाहेर पडण्यापूर्वी कपाळ पुसतात, काही दिवसभर तसेच राहतात, दोन्ही चालते.

तुम्ही राख घेऊ शकता. ती संस्कार नाही आणि तिच्यासाठी बाप्तिस्म्याची अट नाही. प्रभुभोजनाचे, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीचे, तसे नाही : ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, असे या चर्चची नियमावली सांगते, जरी काही पॅरिश प्रत्यक्षात सर्वांना बोलावतात. तुम्ही उपासनेला गेलात आणि पुढे जावेसे वाटले, तर दोन्ही हात छातीवर आडवे धरून उभे राहावे, म्हणजे पाळक भाकरीऐवजी आशीर्वाद देतात.

प्रश्न : मुलाकडे व्हर्जिनियाला आले आहे. येथील चर्चमध्ये गेले महिनाभर कोणी ‘हालेलूया’ म्हणत नाही आणि वेदीवर जांभळे कापड आहे. काही दुःखद घडले आहे काय? — एक आजी, मुक्काम पुणे

उत्तर : नाही आजी, सर्व कुशल आहे. लेंटमध्ये ‘हालेलूया’ हा शब्द गीतांतून आणि उपासनेतून काढून ठेवतात आणि ‘परमउंचामध्ये देवाला गौरव’ हे स्तुतिगानही गात नाहीत. काही ठिकाणी राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी मुले हा शब्द रंगीत कापडावर लिहून पेटीत बंद करतात आणि ती पुनरुत्थानाच्या रात्री उघडतात. जांभळा हा पश्चात्तापाचा रंग आहे. काही चर्चमध्ये त्याऐवजी पांढरे शुभ्र न केलेल्या सुताचे खादीसारखे कापड दिसेल, ती जुनी इंग्रजी पद्धत आहे. चौथ्या रविवारी कदाचित गुलाबी वस्त्रे दिसतील, तेव्हा पुन्हा काळजी करू नये.

प्रश्न : आमच्या पॅरिशमध्ये लेंटमध्ये दर बुधवारी संध्याकाळी सूप आणि ब्रेड असे जेवण असते. यंदा एका बुधवारची पाळी माझ्यावर आली आहे. त्यांचे सूप मला येत नाही. आमटी नेली तर हसतील का? सोबत आणखी काय न्यावे? — एक वाचक, टेक्सास

उत्तर : हसणार नाहीत, बहुधा कृती विचारतील. टोमॅटोचे सार किंवा मुगाचे कढण उत्तम होईल. तिखट बेताचे ठेवा आणि भांड्याशेजारी घटकांची चिठ्ठी लावा. दाण्याचे कूट घालणार असाल तर ते ठळक अक्षरांत लिहा, किंवा या वेळी घालूच नका, कारण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेले कोणी तेथे असू शकते आणि ती अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते.

सोबत काय न्यावे, या प्रश्नाला आमचे उत्तर ‘काही नाही’ असे आहे, आणि ते पचायला जड जाईल याची आम्हाला कल्पना आहे. पाहुण्यापुढे एकच पदार्थ ठेवणे आपल्याकडे कमीपणाचे वाटते. मग आपण कोशिंबीर करतो, पापड तळतो आणि ऐनवेळी शिराही करतो. या जेवणाचा हेतू मात्र एका वाटीत पोट भरावे हाच असतो. राखेच्या बुधवाराच्या आदल्या मंगळवारी याच सभागृहात पॅनकेकचे जेवण झाले असेल, ते उपवासाआधी घरातील अंडी, दूध आणि लोणी संपवण्याच्या जुन्या चालीतून आलेले आहे. चमचमीत खाणे त्या दिवशी संपले. पुष्कळ पॅरिशमध्ये अशा साध्या जेवणाच्या वेळी एक डबा फिरवतात आणि त्यातील पैसे शिधावाटपाला किंवा चर्चच्या मदतसंस्थेला, म्हणजे एपिस्कोपल रिलीफ अँड डेव्हलपमेंटला, पाठवतात.

जेवणानंतर बहुधा अभ्यासवर्ग असतो किंवा क्रूसाच्या वाटेवरील चौदा टप्प्यांची प्रार्थना होते. भांडी धुण्याच्या निमित्ताने तो टाळू नका. रविवारी शंभर माणसांत ज्यांच्याशी केवळ हस्तांदोलन होते, त्यांच्याशी बुधवारी टेबलावर बसून बोलणे होते; कोणाची नोकरी गेली, कोणाचे वडील रुग्णालयात आहेत, हे पॅरिशला अशाच ठिकाणी कळते. व्हेस्ट्रीचे, म्हणजे निवडून आलेल्या कारभारी मंडळाचे, सदस्यही तेथे भेटतात. छप्पर गळते, ही तक्रार त्यांच्यापुढे मांडण्यास मात्र दुसरा दिवस निवडावा.

प्रश्न : मला मधुमेह आहे. लेंटच्या पहिल्या आठवड्यात उपवास केला, साखर उतरली आणि डॉक्टरांनी बंद करायला सांगितले. मग गोड सोडले, तेही ऑफिसातल्या एका वाढदिवशी मोडले. आता उरलेले दिवस पाळण्यात अर्थ आहे का? — एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : डॉक्टरांचे ऐका. आजारी माणसाने उपाशी राहावे, असे हे चर्च कोठेही सांगत नाही. लेंट हे संकल्प सोडून घेतलेले, मध्ये खंड पडला तर वाया जाणारे आणि शेवटी उद्यापन करायचे व्रत नाही. चुकलेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करण्याचा त्यात नियम नाही.

तुमच्या पत्रात खाण्याखेरीज दुसरी गोष्ट आलेली नाही, म्हणून एक सुचवतो. प्रार्थनापुस्तकात सकाळची आणि संध्याकाळची प्रार्थना दिलेली आहे, शिवाय घरी करण्यासारखी अगदी छोटी रूपेही आहेत; त्यांतील एक, औषधाच्या वेळेला जोडून, रोज करावे. आपल्यासारख्या आजारी किंवा घराबाहेर पडू न शकणाऱ्या पॅरिशमधील एखाद्या माणसाला आठवड्यातून एकदा भेटावे. पाळकांना विचारल्यास ते नाव सुचवतील. वाढदिवसाचा केक खाल्ल्याबद्दल वेगळे प्रायश्चित्त लागत नाही. साखर तेवढी तपासून घ्यावी.

प्रश्न : आमच्या पॅरिशच्या पत्रकात लेंटमध्ये खासगी पापांगीकारासाठी पाळकांची वेळ घ्यावी, असे छापले आहे. हे तर रोमन कॅथलिकांचे झाले. आम्ही मराठी प्रोटेस्टंट घरात वाढलो. आमच्याकडे माणसापुढे पाप कबूल करत नाहीत. — एक वाचक, मॅसॅच्युसेट्स

उत्तर : एपिस्कोपल प्रार्थनापुस्तकात या विधीची दोन रूपे आहेत. अँग्लिकन लोकांत त्याबद्दल एक सूत्र रूढ आहे : सर्वांना मुभा, काहींना गरज, सक्ती कोणालाच नाही. रविवारच्या उपासनेत मंडळी मिळून जो पापांगीकार करते, तो पुरेसा आहे. परंतु एखादी गोष्ट वर्षानुवर्षे मनाला टोचत असेल, तर ती नाव घेऊन एका माणसापुढे बोलता यावी, यासाठी ही सोय आहे. जे सांगितले, ते पाळकाने कोणत्याही परिस्थितीत उघड करायचे नाही, असे पुस्तकात निःसंदिग्ध शब्दांत लिहिले आहे. डीकनपुढे, म्हणजे पाळकाच्या खालच्या पदावरील सेवकापुढे, किंवा सर्वसामान्य ख्रिस्ती माणसापुढेही पापांगीकार करता येतो. मात्र पापमुक्तीची घोषणा पाळक किंवा बिशपच करतात, इतरांनी देवाच्या क्षमेचे आश्वासन देणारे शब्द म्हणायचे असतात.

आणि हे मराठी माणसाला परके आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तुमच्या राज्यात, केंब्रिज येथे, चार्ल्स नदीच्या काठावर सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या एपिस्कोपल संन्याशांचा मठ आहे. हा संघ १८६६ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे रिचर्ड म्यूक्स बेन्सन यांनी स्थापन केला. त्याच संघाच्या लोकांनी, म्हणजे काउली फादरांनी, पुण्यात पंचहौद मिशन चालवले आणि तेथे इंग्लंडमधील वाँटेजच्या भगिनीसंघाच्या सिस्टरही काम करत होत्या. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोऱ्हे, म्हणजे फादर नेहेम्या गोऱ्हे, या संघाच्या निकट होते. १८९० साली याच मिशनच्या आवारात घेतलेल्या चहावरून पुण्यात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उठले, लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे त्यात सापडले आणि रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावे लागले. चहा पाजणाऱ्यांच्या धर्मातही प्रायश्चित्ताला मोठे स्थान होते, ही गोष्ट त्या गदारोळात कोणी ध्यानात घेतली असेल असे वाटत नाही.

पंडिता रमाबाई पुण्यातील त्या सिस्टरांच्या ओळखीने इंग्लंडला गेल्या आणि १८८३ साली वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. वाँटेजच्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी पुढे धर्मविचारांवर त्यांचे जे कडक वाद झाले, ते पत्रांतून वाचायला मिळतात. कोणाच्या सांगण्यावरून मान तुकवणाऱ्या त्या नव्हत्या. एपिस्कोपल चर्च आपल्या पंचांगात त्यांचे स्मरण त्यांच्या मृत्यूच्या तारखेला, ५ एप्रिलला, करते आणि हा दिवस पुष्कळदा लेंटमध्ये किंवा त्याच्या अगदी लगत येतो. तुमच्या पॅरिशमध्ये आठवड्याच्या मधल्या दिवशी उपासना होत असेल, तर त्या दिवशी रमाबाईंचे स्मरण करावे, असे पाळकांना सुचवून पाहा. त्यांची ओळख करून देण्यास मंडळीत तुमच्याहून योग्य माणूस नसेल.

खासगी पापांगीकाराला जावे की नाही, हे तुम्ही ठरवा. जायचे ठरल्यास आपल्या पॅरिशच्या पाळकांकडेच जाण्याचे बंधन नाही. दर रविवारी ज्यांच्याशी गाठ पडते, त्यांच्यापुढे बोलणे अवघड वाटत असेल, तर दुसऱ्या पाळकांकडे जाणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न : येथे गुड फ्रायडेला सरकारी सुट्टी नाही आणि माझ्याकडे एकच रजा शिल्लक आहे. मुलगी सात वर्षांची आहे. पवित्र सप्ताहातील, म्हणजे पुनरुत्थानाच्या आधीच्या आठवड्यातील, कोणती उपासना चुकवू नये? — एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : रजा शुक्रवारसाठी ठेवा. बऱ्याच पॅरिशमध्ये मुख्य उपासना दुपारी बारानंतर होते. त्या दिवशी भाकर आणि द्राक्षारस यांवर नव्याने आशीर्वाद मागत नाहीत. प्रभुभोजन दिलेच, तर ते गुरुवारी राखून ठेवलेल्यातून देतात. गुरुवारची उपासना संध्याकाळी असल्याने कामावरून थेट जाता येते. तीत पाय धुण्याचा विधी असतो आणि शेवटी वेदीवरील सर्व वस्तू काढून नेतात. सात वर्षांच्या मुलीला हे दोन्ही न समजावता समजते.

यांतील एकच निवडायची झाली, तर मात्र आम्ही शनिवारची रात्र निवडू, आणि तिला रजाही लागत नाही. अंधार पडल्यावर नवा विस्तव पेटवतात, त्यावरून पुनरुत्थानाची मोठी मेणबत्ती लावतात, मग जुन्या करारातील वाचने होतात, ज्यांत तांबड्या समुद्रातून इस्राएल पार झाल्याचे वाचन गाळता येत नाही. त्यानंतर बाप्तिस्मे होतात आणि सगळी मंडळी आपल्या बाप्तिस्म्याची वचने पुन्हा म्हणते. ज्यांच्यासाठी आरंभीच्या मंडळीने हा सगळा काळ पाळला, ते लोक या रात्री आत येतात. ही उपासना दोन तासही चालू शकते. वाचने किती ठेवली आहेत आणि बाप्तिस्मे किती आहेत, यावर ते ठरते, तेव्हा चर्चच्या ऑफिसात फोन करून आधी विचारून घ्या आणि मुलीला दुपारी झोपवा.